मूळ प्रत नसलेली छपाई

४ फेब्रुवारी

ती. ताईस,
धाकट्याचा सा. न. वि. वि.

तुझं पत्र नाही म्हणून मी रागावलो होतो. पण आपल्या दोघांत जो रागावतो त्यालाच आधी पत्र लिहावं लागतं, तेव्हा लिहितो आहे.

बातमी चांगली आहे. आमच्या भिंगरीला दिवस गेले आहेत. परवा ती आणि जावईबापू आले. दारातूनच तिनं पाय आपटला, आणि ज्या तऱ्हेनं आपटला त्यावरूनच मला कळलं की काहीतरी विशेष आहे. तुला आमच्या घराची रीत ठाऊक आहेच. ही आणि मी दोघंही जन्मापासून ठार बहिरे. तेव्हा कुणाला हाक मारायची तर लाकडी जमिनीवर पाय आपटायचा. हादरा सगळ्या खोल्यांत जातो. पोरीला ऐकू येतं, तरी ती तोंडानं हाक मारायच्या आधी पायानं मारायला शिकली. ही शिवणाच्या यंत्रावर होती. भिंगरीनं बातमी हातांनी सांगितली तशी ही उठून तिच्या गळ्यात पडली, आणि कुणाचातरी सदरा अर्ध्या बाहीनिशी तसाच राहिला.

संध्याकाळी ही आणि जावई बाजारात गेल्यावर भिंगरी माझ्यासमोर बसली. म्हणाली, आत्याला विचारा, बाळाला ऐकू येईल का. तिनं हात छातीजवळ धरून, अगदी लहान लहान खुणांत विचारलं. तुम्ही ऐकणारी माणसं आवाज खाली आणता ना, तसं. मी विचारतो म्हटलं.

ताई, मला वाईट वाटलं. घर घेताना लोक भिंतीला ओल येते का विचारतात, तसं माझ्याबद्दल कुणी विचारलं असं वाटलं. पण तिचं बाळ आहे, विचारायचा हक्क तिचा आहे. तू आयुष्यभर आंधळे मासे पाळून ह्याच गोष्टी शोधत बसलीस, तेव्हा तुलाच विचारतो. येईल का?

छापखान्यात काम भरपूर आहे. शाळेच्या पुस्तकांचे दिवस, अक्षरांचे खिळे जुळवता जुळवता बोटं काळी. तुझ्या माशांना माझा नमस्कार. त्यांना दिसणार नाही, तरी सांग.

माया आहे तेवढी राहू दे, वाढवलीस तरी तक्रार नाही.

तुझा,
धाकटा

१५ फेब्रुवारी

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

बातमी वाचून आनंद झाला. भिंगरीला म्हणावं, आता तरी एका जागी बस. माशांना नमस्कार पोचवला. ते मूळचे गुहेतले, आमच्या प्रयोगशाळेच्या तळघरातही अंधारातच असतात, त्यामुळे फरक पडला नाही.

आता तुझा प्रश्न. नीट वाच, आणि वाचताना रागावू नकोस. प्रत्येक माणसाजवळ प्रत्येक जनुकाच्या दोन प्रती असतात, एक आईकडून आलेली, एक वडिलांकडून. कानाच्या आतला एक भाग जुळवणारं एक जनुक आहे. आपल्या आईची एक प्रत धड होती, एक बिघडलेली, वडिलांचंही तसंच. एक धड असली तरी काम भागतं, म्हणून त्या दोघांना ऐकू येत होतं. तुझ्या वाट्याला दोघांच्याही बिघडलेल्या आल्या. माझ्याकडे एखादी असेल किंवा नसेल. तुझ्या बायकोचं बहिरेपण वेगळ्याच जनुकातलं आहे, म्हणून भिंगरीला दोन्ही ठिकाणी एकेक धड प्रत मिळाली आणि तिला ऐकू येतं.

बाळाला ऐकू न येण्यासाठी जावयाकडेही ह्या दोनपैकी एका जनुकाची बिघडलेली प्रत असायला हवी. असली तरी दोन्ही बिघडलेल्या एकत्र येण्याची शक्यता चारात एक. त्याच्या घराण्यात कुणी बहिरं नाही. तेव्हा शक्यता फार थोडी आहे. भिंगरीला सांग, उगीच जीव जाळू नकोस.

तुझ्या कामातलं उदाहरण द्यायचं तर ही छपाईतली चूक समज. एका खिळ्याच्या जागी दुसरा बसला, कुणाच्या लक्षात आलं नाही, आणि पुढच्या सगळ्या आवृत्त्या तशाच निघाल्या. त्यात कुणाचा दोष नाही.

प्रकृती ठीक आहे. गुडघे कुरकुरतात, त्यांचं कारण मात्र मला कुणी विचारत नाही.

आठवण ठेवावी, पत्रानं दाखवावी.

तुझी,
ताई

२ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तुझं पत्र भिंगरीला हातांनी वाचून दाखवलं. ती खूश झाली, दोन पोळ्या जास्त जेवली. मी खूश झालो नाही.

तू मला छपाईतली चूक म्हणालीस. रागावू नकोस असं आधीच लिहून ठेवलंस, म्हणून रागावत नाही, वाद घालतो. बाई, चुका काढण्यात माझं आयुष्य गेलं. चूक काढायची म्हणजे काय करायचं, सांगतो. डाव्या हाताशी लेखकाची मूळ प्रत, उजव्या हाताशी प्रूफ. ह्यातलं त्यात नाही, म्हणून ती चूक. गेल्या वर्षी एका गृहस्थांची मूळ प्रत हरवली आणि ते आमच्या मालकांवर ओरडू लागले की पुस्तक चुकांनी भरलंय. मालकांनी मला पुढे केलं. मी त्यांना एकही चूक दाखवू शकलो नाही, आणि त्यांनाही दाखवता आली नाही. शब्द असा आहे, एवढंच आम्ही दोघं म्हणू शकत होतो.

तर मला सांग, माणसाची मूळ प्रत तुझ्याकडे आहे का? कुठल्या कपाटात ठेवलीस? खाली सही कुणाची आहे?

माझं मत तुला माहीत आहे. हे मला मुद्दाम दिलेलं आहे. मोठ्या यंत्राशेजारी बसून दिवसभर खिळे जुळवायला कुणी तयार होत नव्हतं, आवाजानं डोकं फुटतं म्हणायचे. मला बसवलं आणि माझ्या ओळी सगळ्यांत स्वच्छ निघाल्या. हा काय योगायोग झाला? आणि तुझे मासे घे. अंधारात डोळ्यांचं काम नाही हे ओळखून त्यांनी डोळे सोडून दिले, तेवढंच पोटाला कमी लागतं. इतका पुढचा विचार आमच्या जावईबापूंनाही जमत नाही. ते काल छत्री आणायला म्हणून बाहेर गेले आणि छत्री दुकानातच विसरले.

भिंगरीची तब्येत चांगली. बाळंतपणाला इकडेच येणार आहे. ही आतापासून लहान लहान अंगडी शिवते आहे.

प्रेम असावं, पण मुद्दा सोडू नये.

तुझा,
धाकटा

१४ मार्च

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

मूळ प्रतीचा मुद्दा मला खोडता येत नाही. दोन दिवस प्रयत्न केला. आमच्याकडे सगळेच ‘बिघाड’, ‘चूक’ असे शब्द सोयीसाठी वापरतात आणि कुणी विचारत नाही की कशाच्या तुलनेत. मी ‘चूक’ हा शब्द मागे घेते. तुझ्यासारखा माणूस आमच्या बैठकीत असता तर बैठका लांबल्या असत्या.

पण मग तुझीही सुटका नाही. मूळ प्रत नाही, म्हणजे लिहिणाराही नाही. लिहिणारा नाही, म्हणजे तुला कुणी मुद्दाम काही दिलंही नाही. तुझं बहिरेपण जसं चूक नाही तसं ते बक्षीसही नाही. छापखान्याला तू उपयोगी पडलास, हे खरं. छापखान्यासाठी तू घडलास, हे खोटं. हे दोन्ही एकदम घ्यावं लागेल. अर्धं तुला आणि अर्धं मला असं होणार नाही.

माशांनी डोळे सोडले नाहीत. त्यांनी काहीच ओळखलं नाही. उजेडाच्या पाण्यात डोळ्यांनी अधू पिल्लू जन्मलं तर ते खाल्लं जातं. गुहेत तसं होत नाही, ते जगतं आणि त्यालाही पिल्लं होतात. पोटाला कमी लागलं हा फायदा असेलही, पण तो मागाहून दिसतो. आधी कुणी ठरवलेला नसतो. आजही माझ्या प्रत्येक माशाच्या अंड्यात आधी डोळा बनायला लागतो, आणि मग बनता बनता विरघळून जातो. पुढचा विचार करणारं कुणी असतं तर त्यानं सुरुवातच केली नसती.

एक सांगते, तुला गंमत वाटेल. दोन वेगळ्या गुहांतले आंधळे मासे आम्ही एकत्र ठेवले. त्यांच्या पिल्लांपैकी काहींना डोळे आले. आईबापांचं अंधत्व वेगवेगळ्या जागचं होतं, म्हणून एकाची उणीव दुसऱ्यानं भरून काढली. मी टाकीवर दिवा धरला तर ती पिल्लं दिव्याकडे वळली. मला भिंगरी आठवली. दिवा विझवला की टाकीत पुन्हा अंधार, आणि त्या डोळ्यांना पाहायला तिथे काही नव्हतं.

भावजयबाईंना सांग, अंगडी मोठ्या मापाची शिवावीत, पोरं झपाट्यानं वाढतात.

राग धरू नये, धरलाच तर लिहून धाडावा.

तुझी,
ताई

२० सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तार पोचली असेलच. मुलगा. दोघंही सुखरूप. नाक आपल्या वडिलांचं, रडताना तोंड मात्र थेट तुझं. ही म्हणते, तुझ्यासारखंच खालचा ओठ पुढे काढतो.

मधल्या काळात तुझ्या पत्राला मी उत्तर दिलं नाही. राग नव्हता. ‘चूक नाही, बक्षीसही नाही’ हे मी बरेच दिवस तोंडात घोळवत होतो. पहिलं अर्धं गोड लागतं आणि दुसरं कडू. पण आता ते राहू दे, कारण निकाल लागला आहे आणि तुझं गणित बरोबर निघालं. पोराला ऐकू येतं!

कसं कळलं ते ऐक. बाळ जमिनीवरच्या गादीवर जागं पडलेलं होतं, टक लावून छताकडे पाहत. जावईबापू मागच्या बाजूनं आले. त्यांनी स्वयंपाकघरातली सगळ्यांत जड परात उचलली आणि बाळाला दिसणार नाही अशा जागी मागे जाऊन जमिनीवर सोडून दिली. काय दणका झाला असेल, ताई! मी दाराशी उभा होतो तर माझ्या तळपायांना मुंग्या आल्या. बाळ जागच्या जागी दचकलं, दोन्ही हात फाकले आणि ओठ काढून रडायला लागलं. भिंगरी हसत हसत रडायला लागली. जावईबापू परात घेऊन नाचले. खालचा दुकानदार काय पडलं म्हणून वर आला, त्याच्या हातावर पण साखर ठेवली. नंतर दोन-तीनदा परात टाकून पाहिली. दर वेळी दचकतं.

मीही हसलो. सगळे हसत होते. तुला खरं सांगू, थोडं एकटं वाटलं. पण पोरीचा चेहरा पाहून ते गिळलं. तिची काळजी मिटली, माझं काय, मला सवय आहे.

लवकर ये. तुझी गादी झटकून ठेवली आहे.

जीव लावावा, गुडघे जपावेत.

तुझा,
धाकटा

२६ सप्टेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र आत्ताच वाचलं आणि लगेच लिहिते आहे. मन घट्ट करून वाच.

परात तुम्ही जमिनीवर टाकली. बाळ जमिनीवर होतं. तुझ्या तळपायांना मुंग्या आल्या असं तूच लिहिलंस. तुला काहीही ऐकू येत नाही, तरी तुला कळलं. मग बाळाला कुठून कळलं, कानातून की पाठीतून, हे त्यावरून ठरत नाही. दुसऱ्या कुठल्याही घरात हे कुणाला सुचलं नसतं तर समजू शकते. तुमच्या घरात जमीन सारखी बोलत असते, म्हणूनच ती बोलते हे कुणाच्या ध्यानात राहिलं नाही.

बाळाला खांद्यावर घे. जावयाला मागून नुसती टाळी वाजवायला सांग, पाय न हलवता. मग मोठ्या इस्पितळात नेऊन कानांची रीतसर तपासणी करून घ्या. तिथे बाळाला झोपवून डोक्याला तारा लावून पाहतात, दुखत नाही. माझी शंका खोटी ठरो. मला चुकीचं ठरायला आवडत नाही हे तुला माहीत आहे, ह्या वेळी आवडेल.

आधी भिंगरीला बोलावून हे पत्र दाखव. मागून कळलं तर तिला जास्त लागेल.

धीर धरावा, कळवावं.

तुझी,
ताई

११ नोव्हेंबर

ती. आत्यास,
भिंगरीचा सा. न. वि. वि.

तपासणी झाली. त्याला काहीच ऐकू येत नाही. डॉक्टरांनी दोनदा पाहिलं. ह्यांच्या चुलत घराण्यात एक बाई बहिरी होती, लहानपणीच वारली, असं सासूबाईंना आता आठवलं.

तू म्हणाली होतीस, शक्यता फार थोडी. मी ते वाक्य धरून सगळे महिने काढले. मी तुला दोष देत नाही असं लिहायला हवं, पण आज तसं लिहवत नाही. तुझं थोडं आणि माझं थोडं सारखं नव्हतं.

मला एकच विचारायचं आहे. का? तू बाबांना लिहिलंस ते मी वाचलंय, कुणी ठरवत नाही, कशासाठीच काही नसतं. मग ज्याला कारणच नाही ते माझ्याच बाळाला का शोधत आलं?

दुसरी गोष्ट तुझ्याशिवाय कुणाला सांगता येत नाही. इस्पितळातून येऊन मी बाबांना हातांनी सांगितलं. आणि आत्या, त्यांच्या चेहऱ्यावर आनंद दिसला. क्षणभरच. लगेच त्यांनी तोंड फिरवलं, डोळे पुसले, मला जवळ घेतलं. पण मी पाहिलं. लहानपणापासून त्यांच्या चेहऱ्यावरूनच मी सगळं वाचत आले, मला फसवता येत नाही. त्या दिवसापासून मी त्यांच्याशी बोललेले नाही. ते पाय आपटतात, मी दुसऱ्या खोलीत जाऊन बसते. आई मध्ये धावपळ करते. पुढच्या आठवड्यात मी सासरी निघून जाते आहे.

बाळ छान आहे. हसतं. त्याला काय माहीत.

तुझ्यावर रागावले असले तरी तुझीच,
भिंगरी

१९ नोव्हेंबर

चि. भिंगरीस,
आत्याचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं.

दोष मला दे. गणित बरोबर होतं, पण तू गणित विचारलं नव्हतंस. तू धास्तावली होतीस आणि मी ‘थोडी’ म्हणताना ‘नाहीच’ असं ऐकू जाईल अशा सुरात लिहिलं. ‘जीव जाळू नकोस’ हे शास्त्र नव्हतं.

का, ह्याचं मला माहीत असलेलं उत्तर हे. जावयाच्या दोन प्रतींपैकी एक जायची होती, तुझ्या दोनपैकी एक जायची होती. जशा गेल्या तसा तो झाला. त्याला कुणी शोधत आलं नाही. तुझ्यावर कुणी सूड घेतला नाही, तुझी कुणी परीक्षा घेत नाही, आणि तुझं काही चुकलं म्हणून हे झालेलं नाही. हे उत्तर थंड आहे. पण निदान त्यात तुला अपराधी ठरवणारं कुणी नाही, आणि रडायला आलं तर तुला अडवणारंही कुणी नाही. मी स्वतः काल रडले.

तुझ्या बाबांच्या आनंदाबद्दल माझे मासे काहीच सांगत नाहीत. तो तू पाहिलास, मी तो खरा धरते. तो कुठून आला हे फक्त त्यालाच विचारता येईल. निघून जाऊ नकोस. जायचंच असेल तर आधी त्याच्यासमोर उभी राहून भांड, मनात आहे ते सगळं सांग, आणि मग जा. तो भांडणाला घाबरत नाही. तू पाठ फिरवलीस की त्याला मात्र काहीच कळत नाही. डोळ्यांनी ऐकणाऱ्या माणसाशी अबोला धरणं म्हणजे त्याला कोंडून ठेवणं आहे.

बाळाला माझा पापा.

तुझीच,
आत्या

३० नोव्हेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तू तिला भांडायला सांगितलंस ते बरं केलंस. आमचं भांडण झालं.

सकाळी मी चहा घेत होतो. ती समोर येऊन उभी राहिली आणि हात असे काही चालवायला लागली की हिनं शिवणाचं यंत्र थांबवून दोघांकडे पाहत उभं राहणं पसंत केलं. तिनं विचारलं, तुम्हाला आनंद झाला का? मी नाही म्हणायला हात उचलला, पण तिच्यापुढे खोटं बोलता येत नाही. हो म्हटलं. पोराचं वाईट व्हावं म्हणून नाही. आमच्या दोघांनंतर ह्या घरात फक्त हातांनीच बोलणारं कुणी राहणार नाही असं मी धरून चाललो होतो, आणि एकदम वाटलं, आला, आमच्यातला एक आला. मला कुणीतरी मुद्दाम दिलं असं वाटलं, ताई. तू कितीही सांग.

ती म्हणाली, तुम्हाला तुमच्यातला एक मिळाला, माझं काय? मला समजेना. मी म्हटलं, ह्या घरात तुला काय कमी होतं? तेव्हा तिनं सांगितलं. लहानपणापासून ती घरभर गात फिरायची. मी समोर पेपर वाचत बसलेला, आई शिवत बसलेली. कुणी थांब म्हटलं नाही, कुणी आणखी म्हण म्हटलं नाही. ती गाते हे मला आत्ता कळलं, ताई. तिचं तोंड हलायचं ते मी पाहायचो, वाटायचं पाठांतर करते. ती म्हणाली, पोटात होता तेव्हा रोज गायले त्याच्यासाठी, आता निदान एक तरी माझ्या रक्ताचं माणूस माझं ऐकेल म्हणून. मी म्हटलं, नवरा ऐकतो ना. म्हणाली, तो छान म्हणतो, पण तो माझ्या भाजीलाही छानच म्हणतो.

मी म्हटलं, मग गात राहा. कुणासाठी, कशासाठी, असं तिनं विचारलं. आणि मग एकदम हात खाली घेऊन, पुन्हा उचलून म्हणाली, बाबा, मी कशी गाते हो?

ताई, मी तिचा बाप. तिला कुठल्या कुशीवर झोप लागते, कशानं पित्त होतं, सगळं मला ठाऊक. आणि हे मला माहीत नाही. तेच मी तिला हातांनी सांगितलं. मग ती रडली, मी रडलो, ही आधीपासूनच रडत होती. थोड्या वेळानं तिनं पोर माझ्या मांडीवर दिलं आणि आईला मदत करायला आत गेली. गेली नाही ती, इथेच आहे.

ती लहानपणी सुट्टीत तुझ्याकडे राहायची. तू ऐकलं असशील. मला लिही, कसं गाते. मी तिला सांगेन असं म्हटलंय. नेहमीसारखं लिही, जसं आहे तसं. माझ्यासाठी गोड करू नकोस.

वाट पाहतो आहे.

तुझा,
धाकटा

६ डिसेंबर

चि. भाऊस,
अनेक आशीर्वाद.

तू खरं मागितलंस. ती बेसूर गाते.

थोडीथोडकी नाही. गाण्याचा सूर एकीकडे जातो, ती दुसरीकडे जाते, आणि मध्ये कुठे भेट झाली तर तो योगायोग समजायचा. आवाज जाडसर आहे, वर चढवला की फाटतो. ह्याला कारण आहे. पोरं ऐकून सुधारतात, कुणी टोकलं की सुधारतात. तिला टोकायला घरात कुणी नव्हतं.

आणि टोकायला कुणी नव्हतं, म्हणूनच दुसरंही झालं. इतकं मनमोकळं गाणारं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. आम्ही सगळे गातो ते कुणी ऐकतंय का हे कानानं चाचपत, अर्धा आवाज गिळून. तिला ते माहीतच नव्हतं. माझ्या स्वयंपाकघरात भांडी घासताना ती सगळा गळा उघडून गायची. शेजारीण खिडकी लावून घ्यायची. माझ्याकडे काम करणारी मंडळी जेवायला यायची ती एकमेकांकडे पाहून हसायची. मी त्यांना गप्प बसवायची आणि दाराआड उभी राहून ऐकायची. टोकलं असतं तर ती सुधारली असती, किंवा थांबली असती. ती थांबावी असं मला एकदाही वाटलं नाही.

कशासाठी गायची, मला माहीत नाही. कुणासाठीच नव्हतं ते, आणि तरी दर सुट्टीत मी तिची वाट पाहायची ती त्या गाण्यासाठी. हे मी तिला कधी सांगितलं नव्हतं. आता तू सांग. मधली बेसूर ही गोष्ट गाळू नकोस, जसंच्या तसं सांग, तिला तुझे हात वाचता येतात.

मी रजा टाकली आहे, माशांकडे मदतनीस पाहतील. शनिवारी पोचते. जिना चढायला मला वेळ लागेल, तेव्हा दार उघडं ठेवा, आणि तिला म्हणावं की मी वर येईपर्यंत गात राहा.

तुझी,
ताई